रामराम

रामराम : भेटताना व निरोप घेताना उच्चारले जाणारे अभिवादन. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाप्रमाणेच हरियाणा, राजस्थान व उत्तरेकडील हिंदी भाषक प्रदेशांतही ते रूढ आहे. उत्तरादाखल तोच शब्द येतो. मराठीतील लाक्षणिक अर्थ मात्र निरोपाकडे झुकलेले आहेत : ‘रामराम ठोकणे’ म्हणजे नोकरी, पक्ष वा उद्योग कायमचा सोडणे, ‘राम म्हणणे’ म्हणजे मरणे.

‘राम’ या नामाची व्युत्पत्ती परंपरेने ‘रम्’ धातूपासून, ‘ज्याच्या ठायी योगी रमतात तो’ अशी देतात. रामतापनीय उपनिषदातील ही उकल उत्तरकालीन व भक्तिपर मानणे अधिक सयुक्तिक. वैदिक वाङ्मयात हा शब्द ‘काळा’ या अर्थानेही आढळतो. अथर्ववेदात (१.२३.१) रात्री उगवलेल्या औषधीला ‘रामा’, ‘कृष्णा’ व ‘असिक्नी’ अशी लागोपाठ संबोधने आहेत, उरलेल्या दोहोंचा अर्थ पाहता पहिल्याचाही रोख काळ्या रंगाकडेच असावा. ‘रमणे’ व ‘काळा’ हे दोन अर्थ एकाच मुळाचे की भिन्न मुळांचे, याबद्दल एकमत नाही. ऋग्वेदात (१०.९३.१४) दुःशीम, पृथवान व वेन यांच्यासमवेत एका रामाचा उल्लेख येतो, तर ऐतरेय ब्राह्मणात राम मार्गवेय हा पुरोहित आहे. त्यांचा दाशरथी रामाशी संबंध जोडण्यास पुरेसा आधार नाही. यावरून व्यक्तिनाम म्हणून ‘राम’ हे रामायणाच्या उपलब्ध संहितेहून जुने असावे, इतकेच म्हणता येते.

अभिवादनात नाम दोनदा का, याचे एक लोकप्रिय स्पष्टीकरण अंकांवर बेतलेले आहे : र हे २७ वे व्यंजन, आ हा २ रा स्वर, म हे २५ वे व्यंजन; बेरीज ५४, दुप्पट १०८, म्हणजे एक जपमाळ. गणित बरोबर असले तरी ते मागाहून बसवलेले दिसते. नामस्मरणात नाम पुनःपुन्हा घेतले जाते. समर्थ रामदासांच्या संप्रदायातील ‘श्रीराम जयराम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरी मंत्रातही ते तीनदा येते. द्विरुक्तीचे मूळ या प्रघातात शोधणे अधिक ग्राह्य वाटते.

देवाचे नाव मुलाला ठेवावे, म्हणजे हाक मारतानाच नामोच्चार घडतो, या समजुतीचा अभिजात आधार भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा होय. मरणासन्न अजामिळाने धाकट्या मुलाला ‘नारायण’ अशी हाक मारली आणि विष्णुदूतांनी त्याला यमदूतांपासून सोडवले. दुसऱ्या कोणाला उद्देशून घेतलेले नामही पापहारक ठरते, असे तेथे स्पष्टच म्हटले आहे (६.२.१४). मराठी नावांत ‘राम’ हे उत्तरपद विपुल आढळते : तुकाराम, सखाराम, आत्माराम, शांताराम, राजाराम. परशुराम व बळीराम यांतील राम अर्थातच वेगळे. मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याला, त्याचे खरे नाव काहीही असो, ‘रामा’ म्हणण्याची रीत होती. तेथे नामस्मरणाचा हेतू शोधू नये.

अभिवादनाचा शब्द जातीनुसार ठरलेला असे, हे आज सहसा ध्यानात येत नाही. ‘नमस्कार’ हा ब्राह्मणांचा मानला जाई. १७७९ मध्ये पेशव्यांच्या मागणीवरून ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईतील सोनारांना तो शब्द वापरण्यास मनाई केली होती. ब्राह्मणेतर शेतकरी समाजात ‘रामराम’ व ‘दंडवत’, महानुभावांत ‘दंडवत प्रणाम’, तर महारांना ‘जोहार’ घालावा लागे. चोखामेळ्याच्या अभंगांत हा ‘जोहार’ येतो. आंबेडकरी चळवळीने ‘जोहार’ व ‘रामराम’ दोन्ही टाकून ‘जय भीम’ स्वीकारले. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना दिले जाते. ‘जय श्रीराम’ ही घोषणा १९८० च्या दशकानंतर राजकीय संदर्भात प्रसृत झाली. तिचा ‘रामराम’शी घोटाळा करू नये.