'नाही' लिहिलं तरी संगणक 'हो' का समजतो?

'रूबी ऑन रेल्स' हे रूबी भाषेत वेब ॲप बांधायचं साधन. त्यात बांधलेल्या एखाद्या ॲपमध्ये 'गाडी आली का?' असा हो-नाहीचा रकाना आहे. कुणी त्यात मराठीत 'नाही' टाइप करून पाठवलं, तर प्रोग्रामर वेगळं काही सांगत नाही तोवर नोंद 'हो' अशी होते. हा बिघाड नव्हे. शून्य, 'फॉल्स', 'ऑफ' अशी मोजकीच मूल्यं रेल्स नकार म्हणून ओळखतं. रकाना रिकामा असेल तर उत्तर 'माहीत नाही', आणि बाकी काहीही आलं तर 'हो'. इंग्रजी 'नो'सुद्धा त्या यादीत नाही, तेव्हा मराठीवर अन्याय झाला अशी तक्रार करायला जागा नाही!

फॉर्म भरून पाठवला की सर्व्हरकडे पोहोचतो तो नुसता मजकूर. तुम्ही १२० लिहा, तिकडे एक, दोन आणि शून्य ही तीन अक्षरं जातात. त्यांचा आकडा करायचा, तारीख करायची की अक्षरंच ठेवायची, हे कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं. डेटाबेसवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ते सांगण्याची जागा म्हणजे मॉडेल क्लास, नोंद कशी असेल ते ठरवणारा कोडमधला साचा.

वाशीच्या एपीएमसीतला कांदा-बटाटा बाजार घ्या. एका गाळ्यासाठी आवकेची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहायचा आहे. डेटाबेसमध्ये 'आवक' नावाचं टेबल आणि आलेल्या प्रत्येक मालाची त्यात एक ओळ. प्रोग्रामर त्याच नावाचा क्लास लिहितो, म्हणजे टेबलातली ओळ त्याच्या हातात एक ऑब्जेक्ट होऊन येते. ऑब्जेक्टच्या प्रत्येक ॲट्रिब्यूटला, म्हणजे रकान्याला, एक टाइप, म्हणजे मूल्याचा प्रकार: गोण्या पूर्णांक, वजन आणि दर दशांश, बाजाराचा दिवस तारीख, शेतकऱ्याचं नाव मजकूर, पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) दिली की नाही हे हो-नाही. कल्पना जुनीच आहे. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती टेबलांत ठेवण्याचं रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हाच प्रत्येक रकान्यात कोणती मूल्यं येऊ शकतात याची हद्द त्यात आखलेली होती.

ही हद्द लिहायची कुठे, यावर दोन घराणी आहेत. पायथॉन भाषेतलं असंच साधन जँगो म्हणतं, क्लासमध्ये लिहा, टेबल त्यावरून बनेल. रेल्स उलट टेबल वाचून ॲट्रिब्यूट ओळखतं. २०१६ च्या रेल्स ५ पासून मात्र टेबलातला टाइप बाजूला सारून क्लासमध्ये स्वतःचा टाइप उघडपणे जाहीर करता येतो, टेबलात रकानाच नसला तरी. मला जँगोची रीत बरी वाटते. नवीन माणूस कामावर आला की एक फाइल उघडतो आणि काय काय साठवलंय ते त्याला तिथेच दिसतं.

खरी गंमत टाइप निवडताना येते. मोबाइल नंबर आकड्यांचा, म्हणून तो पूर्णांक ठेवावा असं कुणालाही वाटेल. नेहमीच्या पूर्णांकाला बहुतेक डेटाबेस ३२ बिट (शून्य-एकच्या ३२ जागा) देतात आणि त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे २,१४,७४,८३,६४७, म्हणजे सुमारे २१४ कोटी. आपले मोबाइल नंबर सुरू होतात सहा ते नऊपासून. दहा अंकी संख्या म्हणून वाचला तर लहानात लहान नंबरही ६०० कोटींच्या घरात जातो. मायएसक्यूएल या डेटाबेसची ५.७ च्या आधीची आवृत्ती मूळ सेटिंगवर अशा वेळी फक्त एक इशारा देऊन मावेल तेवढा आकडा ठेवून द्यायची. परिणाम असा, की जुन्नरचा शेतकरी असो की नाशिकचा, सगळ्यांचा नंबर एकच: २१४७४८३६४७. ६४ बिटांचा पूर्णांक घेतला तर नंबर मावेल, पण ठाण्या-मुंबईच्या लँडलाइनचा ०२२ नोंदवला की सुरुवातीचं शून्य गळून पडेल. नंबरांची बेरीज कुणी करत नाही, सरासरीही काढत नाही. तो मजकूरच ठेवावा. पिनकोड आणि गाळा क्रमांकही तसेच.

उलट, ज्याचा हिशेब होतो ते मजकुरात ठेवलं की '९' हा '१२०' पेक्षा मोठा ठरतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. मराठी कीबोर्डवरून देवनागरीत '१२०' आलं तर भाषेगणिक निकाल वेगळा. पायथॉन त्याचा बिनबोभाट एकशेवीस करतं, जावास्क्रिप्ट 'ही संख्याच नाही' म्हणतं आणि रूबीची साधी रूपांतराची पद्धत शून्य हातात ठेवते. तिघांत रूबीचं उत्तर सर्वांत धोक्याचं, कारण शून्य गोण्या ही दिसायला चांगली नोंद आहे.

पैशांसाठी फ्लोट, म्हणजे अपूर्णांकांचा नेहमीचा टाइप, वापरू नये, हे नव्या पोरांना सांगून सांगून सीनियर मंडळी थकतात. फ्लोट द्विमान (शून्य-एकच्या) पद्धतीत साठतो आणि ०.१ सारखा साधा अपूर्णांक त्यात नेमका बसत नाही. १९.९९ रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणलं तर १९९८.९९९… येतं, पुढचा भाग छाटला की १९९८ पैसे उरतात. हमाली, तोलाई वजा करून पट्टी काढताना अशी पै-पै हजारो ओळींत गळते. दराला दशमान पद्धतीत नेमका साठणारा डेसिमल टाइप द्यावा, किंवा सरळ पूर्णांकात पैसे साठवावेत.

तारखेचंही तसंच. सर्व्हरवर वेळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत धरतात आणि आपण साडेपाच तास पुढे. पहाटे चार वाजता गाळ्यावर लागलेल्या गाडीची यूटीसी वेळ आदल्या रात्रीची साडेदहा. नुसत्या वेळेतून तारीख कापून घेतली तर माल कालच्या आवकेत जमा होतो. म्हणून गाडी आल्याची वेळ आणि बाजाराचा दिवस असे दोन ॲट्रिब्यूट वेगळे ठेवावेत, दुसऱ्याचा टाइप निव्वळ तारीख.

टाइपसोबत आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: रकाना रिकामा चालेल का? गोण्या उतरल्यात, पण मापाड्याने काटा केलेला नाही, अशा मालाचं वजन शून्य नसतं. तिथे डेटाबेसचा 'नल', म्हणजे 'मूल्यच नाही' ही खूण हवी. सरासरी काढताना डेटाबेसची भाषा एसक्यूएल नल सोडून देते, पण शून्य धरते. चार गाड्यांचं वजन प्रत्येकी ८० क्विंटल आणि पाचवीचा काटा बाकी असेल, तर नल ठेवल्यावर सरासरी ८० येते. शून्य लिहिलं तर ६४, आणि प्रोग्राम एकही चूक दाखवत नाही.