अतिदक्षता विभागातील कर्मचाऱ्यांवरील हिंसा

अतिदक्षता विभागात काम करणारे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, मावशी व सुरक्षारक्षक यांना होणारी शिवीगाळ, धमकी, धक्काबुक्की किंवा मारहाण, तसेच तेथील यंत्रांची तोडफोड. ओपीडीतल्या डॉक्टरला बाजूला होता येते; व्हेंटिलेटरवरच्या रुग्णापाशी असलेल्या सिस्टरला खाट सोडता येत नाही. रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचा परिणाम औषध थांबताच एकदोन मिनिटांत ओसरतो. झटापटीत हे औषध देणाऱ्या पंपाची नळी सुटली तर भांडणाशी संबंध नसलेल्या शेजारच्या रुग्णाचा रक्तदाब कोसळतो.

ठाण्यात 26 ऑगस्ट 2001 रोजी शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांचे सुनीतीदेवी सिंघानिया रुग्णालयात निधन झाल्यावर जमावाने ते रुग्णालय फोडले व पेटवले. रोजची हिंसा एवढी मोठी नसते, पण तिच्या वेळा बऱ्याचदा आधी ओळखता येतात: मृत्यू सांगितल्यानंतरचा अर्धा तास, दुसरीकडे हलवण्याचा निर्णय, बिलाचा आकडा, रात्रपाळी. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात शहापूर-मुरबाडकडचे रुग्ण अनेकदा आधीची एकदोन रुग्णालये फिरून येतात. वाटेत साठलेला राग शेवटच्या दारात फुटतो. घोडबंदर रोड किंवा वाशीच्या खासगी रुग्णालयांत वादाचे मूळ बहुधा डिपॉझिट आणि ‘पैशासाठी मशीनवर ठेवलंय’ हा संशय असतो.

रुग्णाकडून होणारी मारहाण वेगळी मोजावी. चिमटे, लाथा, नळ्या उपसणे यामागे बहुधा डिलिरियम, म्हणजे आजारपणातला तात्पुरता भ्रम, असतो. रुग्णाची अस्वस्थता व गुंगी मोजणाऱ्या आरएएसएस मापनात अशी हिंसक अवस्था +4, म्हणजे सर्वांत वरची पायरी, धरतात. आधी ऑक्सिजन, साखर, सोडियम, वेदना व तुंबलेली लघवी पाहावी. दारूची सवय असल्यास शेवटच्या घोटानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम सुरू होऊ शकतो, म्हणून दाखल करतानाच ते विचारावे. हात बांधणे हा शेवटचा उपाय. बांधलेच तर मऊ पट्ट्याने, चटकन सुटणाऱ्या गाठीने, आणि बोटांचा रंग व ऊब वारंवार तपासत.

नातेवाइकांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी गोष्ट गार्ड नसून ठरलेल्या वेळी होणारे बोलणे आहे. पहिल्याच दिवशी कुटुंबातला एक माणूस नक्की करावा, सकाळ-संध्याकाळ त्यालाच स्थिती सांगावी आणि केसपेपरवर वेळेसह त्याची सही घ्यावी. सकाळचा डॉक्टर ‘सुधारतोय’ आणि रात्रीचा ‘सिरीयस आहे’ म्हणाला, तर भांडणाला तेवढे पुरते. मृत्यूची बातमी कॉरिडॉरमध्ये उभ्याने किंवा फोनवर देऊ नये. खोलीत बसवून, सीनियर डॉक्टर व एक सिस्टर यांनी ती द्यावी, आणि डॉक्टरची खुर्ची दाराजवळ असावी. ‘गेले’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा. ‘प्रयत्न चालू आहेत’ असे तासभर ऐकवून मग मृत्यू सांगितला की फसवल्याची भावना होते. आवाज चढू लागला तर दुसऱ्याने पॅनिक बटण दाबावे, विभागाचे दार आतून लॉक करावे, सुटे सिलिंडर व सलाईन स्टँड आत घ्यावेत, 112 वर फोन करावा. गार्ड दारात असावेत. त्यांनी नातेवाइकांना वेढा घातला की प्रकरण बिघडते.

महाराष्ट्राच्या 2010 च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्याने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड आणि मोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई अशी तरतूद आहे. त्याच्या व्याख्येत डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी व निमवैद्यकीय कर्मचारी येतात. मार मात्र अनेकदा या यादीत नसलेला गार्डच खातो. तक्रारीत या कायद्याचा उल्लेख राहिला तर पोलीस ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होण्याची भीती असते. केंद्रीय आरोग्य खात्याच्या ऑगस्ट 2024 च्या सूचनेनुसार संस्थाप्रमुखाने सहा तासांत एफआयआर करायचा आहे. जखमी कर्मचाऱ्याची एमएलसी (पोलीस प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद), यंत्रांची खरेदी बिले व सीसीटीव्हीचे चित्रण त्याच दिवशी काढून ठेवावे, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते.