संकेतस्थळांची सुगम्यता आणि जावास्क्रिप्ट

दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा माउस धरता न येणाऱ्या व्यक्तीलाही संकेतस्थळ वापरता येणे म्हणजे सुगम्यता. जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालून पानाला प्रतिसाद द्यायला लावणारी प्रोग्रामिंग भाषा, तिच्या आड येते हा समज जुना, आणि अर्धाच खरा. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या १९९९च्या पहिल्या आवृत्तीत, स्क्रिप्ट बंद असतानाही पान चालले पाहिजे अशी अट होती. २००८च्या आवृत्तीत ती गळली. सुगम्यतेवर काम करणाऱ्या वेबएम या संस्थेच्या २०१२च्या पाहणीत तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या ९८.६ टक्के लोकांकडे जावास्क्रिप्ट चालू होती.

घोळ होतो तो ती वापरण्याच्या पद्धतीत. मिळकतकर भरण्याचे एखादे पान घ्या. ‘रक्कम भरा’साठी एचटीएमएलचे साधे बटण ठेवले, तर टॅब दाबत गेल्यावर फोकस (कळफलकाने केलेली निवड) तिथे थांबतो, एंटर चालतो आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ते ‘बटण’ आहे हेही सांगतो. त्याऐवजी डिव्ह या एचटीएमएलच्या नुसत्या चौकटीला रंग देऊन त्यावर क्लिकची स्क्रिप्ट चिकटवली, तर माउसवाल्याला फरक कळत नाही; टॅब मात्र त्याला ओलांडून पुढे जातो. मग रोल (हे बटण आहे असे सांगणारी खूण), टॅबइंडेक्स (टॅबला तिथे थांबवणारी खूण), एंटर आणि स्पेसची हाताळणी अशी ठिगळे लावत बसायचे. आयते मिळत होते तेच पुन्हा हाताने लिहिण्याचा हा उद्योग रिॲक्ट-अँग्युलर या जावास्क्रिप्टच्या तयार साधनांवर उभ्या प्रकल्पांत सर्रास दिसतो. एकपानी ॲपमध्ये आणखी एक गोची असते: दुवा दाबल्यावर मजकूर बदलतो, पण नवे पान उघडत नसल्याने स्क्रीन रीडर गप्पच राहतो. शीर्षक बदलून फोकस नव्या मथळ्यावर न्यावा लागतो. मराठी स्थळांवर तर रिॲक्टच्या तयार साच्यातली ‘ईएन’ ही भाषेची खूण बदलायची राहून जाते, आणि देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तावडीत सापडतो.

दुसरा प्रश्न स्क्रिप्ट पोचण्याचा. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवेने २०१३ मध्ये मोजले, तेव्हा १.१ टक्के लोकांकडे जावास्क्रिप्ट चालली नाही. त्यांत ती मुद्दाम बंद ठेवणारे वा ती नसलेला ब्राउझर वापरणारे जेमतेम ०.२ टक्के. बाकीच्यांकडे ती चालायला हवी होती. हिंजवडीत फायबरवर तपासलेले पान शिवनेरी बस बोगद्यात शिरली की कोरे राहू शकते, आणि त्यासाठी अपंगत्व लागत नाही. यावरचा उपाय म्हणजे क्रमिक संवर्धन. ही कल्पना २००३ मध्ये मांडली गेली: आधी सर्व्हरच्या भरवशावर चालणारा फॉर्म, मग त्यावर स्क्रिप्टची भर.

भारतात दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ लागू आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. त्या प्रकरणात वादाचा एक मुद्दा होता ई-केवायसीत डोळे मिचकावून दाखवण्याच्या सक्तीचा.