बाटलीतले रोप आणि मातीतली बुरशी

टिश्यू कल्चरच्या (ऊतिसंवर्धनाच्या, म्हणजे वनस्पतीच्या तुकड्यापासून बाटलीत रोपे वाढवण्याच्या) प्रयोगशाळेत बुरशी म्हणजे शत्रू. अगारवर (रोप ज्यात वाढते त्या जेलीवर) पांढरा ठिपका दिसला की ती बाटली बाद होते. तिलाच पुढे रोपाच्या सोबतीला मुद्दाम बोलवावे लागले, याचे कारण बाटलीतल्या सुखवस्तू जगण्यात आहे. तिथली हवा दमट आणि साखर आयती. त्यामुळे पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही, पर्णरंध्रे वेळेवर मिटत नाहीत आणि मुळांवर मूलरोम जेमतेमच असतात. अगार धुऊन रोप कोकोपीटमध्ये लावले, चार दिवस प्लॅस्टिकखाली झाकले, तरी आच्छादन काढताच पुष्कळ रोपे माना टाकतात. १९६२ च्या मुराशिगे-स्कूग माध्यमाने (बाटलीतल्या रोपांच्या पोषक मिश्रणाने) रोपे वाढवणे सोपे झाले. ती मातीत जगवणे तेवढे सोपे झाले नाही.

अशा दुबळ्या मुळांना पाणी आणि क्षार मिळवून द्यायला मातीतली बुरशी मदत करू शकते. मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला ‘मायकोरायझा’ हे नाव फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दिले होते. १९८० च्या दशकात बाटलीत वाढवलेल्या सफरचंदाच्या रोपांना अशी बुरशी देऊन पाहण्यात आली. अडचण एवढीच, की सफरचंदाला दिलेल्या गटातली बुरशी जिवंत मुळांवाचून वाढत नाही, त्यामुळे तिचे शुद्ध विरजण तयार करणे जिकिरीचे होते.

ही कोंडी फुटली ती थरच्या वाळवंटात. तिथल्या झुडपांच्या मुळांलगतच्या मातीतून जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे अजित वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी केलेली ‘पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका’ (आताचे नाव ‘सेरेंडिपिटा इंडिका’) १९९८ मध्ये शास्त्रीय नावाने नोंदली गेली. ती साध्या कृत्रिम माध्यमावर वाढत असल्याने टिश्यू कल्चरच्या रोपांच्या हार्डनिंगसाठी (बाटलीतले रोप बाहेरच्या हवा-मातीला सरावण्यासाठी) तिचा वापर लगेच सुचवला गेला.

सफेद मुसळीची गोष्ट आपल्या अधिक जवळची. तिच्या ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’ या शास्त्रीय नावात मुंबईची बोरिवली आहे. औषध असते ते तिच्या मुळ्यांत, म्हणून जंगलातून ती समूळ उपटली गेली आणि दुर्मीळ झाली. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तिच्या ऊतिसंवर्धित रोपांच्या जैविक हार्डनिंगवरचे काम २००८ मध्ये प्रसिद्ध केले. अशा कामाचा फायदा प्रामुख्याने लागवडीला होतो, असे माझे मत आहे. रोपे पुन्हा रानात रुजवायची तर त्या रानातल्या मुसळीच्या मुळांवर कोणती बुरशी नांदते, हे आधी तपासावे लागेल.