जीमॅट: सत्तर वर्षांत घडत गेलेली परीक्षा

एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी द्यायच्या जीमॅट या परीक्षेची तयारी सुरू केली की पहिला गोंधळ स्कोअरचा होतो. आधी परीक्षा दिलेले लोक सांगतात, "700 च्या वर हवेत." आत्ता देणारे 645 वरच खूश असतात. दोघं जवळपास एकाच पातळीबद्दल बोलतात, पण मधल्या काळात मोजपट्टीच बदलली आहे. आणि बदललेली तेवढी एकच गोष्ट नाही.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकी सरकारने 1944 च्या कायद्याने उचलला आणि तिथली कॉलेजं भरून वाहू लागली. कुणी इंजिनिअर, कुणी इतिहासाचा पदवीधर. प्रत्येकाच्या कॉलेजची मार्क देण्याची पद्धत निराळी. बिझनेस स्कूलने यांना एका तराजूत तोलायचं कसं? 1953 मध्ये नऊ बिझनेस स्कूल यासाठी एकत्र आली. परीक्षा तयार करायचं काम एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजे ईटीएसकडे गेलं आणि 1954 मध्ये पहिली परीक्षा झाली. तेव्हाचं लांबलचक नाव होतं ॲडमिशन टेस्ट फॉर ग्रॅज्युएट स्टडी इन बिझनेस. जीमॅट हे नाव 1976 मधलं. त्या नऊ शाळांच्या संघटनेतूनच आजची जीमॅक ही संस्था उभी राहिली, आणि परीक्षेची मालकी तिच्याकडे आहे.

या परीक्षेत हिशेबलेखन किंवा मार्केटिंग विचारत नाहीत. अर्जदार कुठल्याही शाखेचे असल्यामुळे विचारून चालणारही नाही. मग काय तपासायचं? माझ्या मते याचं सगळ्यात नेमकं उत्तर 'डेटा सफिशियन्सी' या प्रश्नप्रकारात आहे. उदाहरण घ्या. क्ष ची किंमत किती? विधान पहिलं: क्ष चा वर्ग 9. विधान दुसरं: क्ष चा घन उणे 27. पहिल्यावरून 3 आणि उणे 3 अशा दोन किमती निघतात, म्हणजे ते अपुरं. घाईत आपण दोन्ही विधानं जोडून मोकळे होतो. पण दुसरं विधान एकट्याने पुरतं! इथे किंमत काढून दाखवायची नसते. उत्तर काढायला हाताशी असलेली माहिती पुरेशी आहे का, एवढंच ठरवायचं असतं. पुढे कंपनीत निर्णय घेताना रोज हेच करावं लागतं, म्हणून मला हा प्रकार फार मोलाचा वाटतो.

1994 मध्ये निबंधलेखन आलं. 1997 मध्ये मात्र परीक्षेचा स्वभावच बदलला. कागद गेला, संगणक आला आणि परीक्षा 'ॲडॅप्टिव्ह' झाली. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. यात अचूकता वाढली, पण परीक्षार्थीची एक जुनी सोय गेली. कागदावर अडलेला प्रश्न सोडून पुढे जाता यायचं, नंतर परतता यायचं. संगणकावर 'नेक्स्ट' दाबलं की तो प्रश्न कायमचा गेला. 2006 पासून परीक्षेचं काम ईटीएसकडून पिअर्सन व्ह्यूई आणि एसीटी या संस्थांकडे गेलं. 2012 मध्ये तक्ते आणि आलेख वाचायला लावणारं इंटिग्रेटेड रीझनिंग आलं.

तोवर जीआरई ही स्पर्धक परीक्षाही बिझनेस स्कूल स्वीकारू लागली होती. साडेतीन तासांची जीमॅट लोकांना जड वाटत होती. नोव्हेंबर 2023 मध्ये 'फोकस एडिशन' आली: क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (माहितीचं विश्लेषण), प्रत्येकी 45 मिनिटं, एकूण 64 प्रश्न. निबंध गेला, भूमिती गेली, वाक्यदुरुस्तीही गेली. वाक्यदुरुस्ती गेली हे योग्यच झालं. इंग्रजी वाक्प्रचार कानात मुरलेला नसलेल्या हुशार माणसाचे गुण तिथे नाहक जात. डेटा सफिशियन्सी मात्र टिकली, फक्त क्वांटमधून डेटा इनसाइट्समध्ये गेली.

जुना स्कोअर 200 ते 800, शेवटी नेहमी शून्य. नवा 205 ते 805, शेवटी नेहमी पाच. शेवटचा आकडा पाहिला की स्कोअर कुठल्या परीक्षेचा ते लगेच कळतं. 700 आणि 645 यांची तुलना पर्सेंटाइलवरून, म्हणजे किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत यावरून होते, म्हणून नवा आकडा लहान दिसला तरी घाबरू नये.

आणि 1997 मध्ये गेलेली ती सोय थोडी परत आली आहे. आता विभाग संपल्यावर, वेळ उरला असेल तर मागे जाता येतं आणि जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात.