भरड मडक्यांची बाजू

पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८पासून अनेक हंगाम उत्खनन केलं आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. त्या लोकांची जोर्वे पद्धतीची भांडी प्रसिद्ध आहेत: चाकावर घडवलेली, लाल अंगावर काळी नक्षी, आणि इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर खणखणतात. त्याच गावात जाड, भरड, हातानं घडवलेली भांडीही होती. मूल दगावलं तर असे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत.

संग्रहालयात मान मिळतो तो नक्षीच्या भांड्याला. भरड खापर म्हणजे अडाणी काम, असा आपला समज. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. ज्या गावाला चाक ठाऊक होतं, भट्टी ठाऊक होती, तिथेही भरड माती टिकली. त्याचं कारण आगीत शोधावं लागतं.

भरड मडकी भाजतात ती उघड्यावरच्या आगीत. ही आग कमी तापते असं नाही. लाकूड, गोवऱ्या, पेंढा यांच्या ढिगात ६०० ते ९०० अंश सेल्सिअस सहज गाठलं जातं. अडचण वेगाची आहे. बंद भट्टीत आच हळूहळू वाढवता येते; उघड्या आगीत मडकं कित्येकदा अर्ध्या तासाच्या आत सातशे अंशांवर जातं, तेही एका अंगानं आधी आणि दुसऱ्या अंगानं मागून.

उन्हात खडखडीत वाळलेल्या मडक्यातही थोडं पाणी उरतंच. शंभर अंशांना त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. माती बारीक आणि घट्ट असेल तर वाफेला वाट मिळत नाही आणि मडकं आवाज करून फुटतं. मातीत जाड वाळू, राख, जुन्या खापरांचा चुरा किंवा गाढवाची लीद मिसळली असेल, तर कणाकणांमधल्या फटींतून वाफ निघून जाते. लिदीतलं गवत जळून आणखी बारीक पोकळ्या मागे सोडतं. शिवाय एखादी चीर पडलीच, तर पुढच्या जाड कणापाशी किंवा पोकळीपाशी ती अडते. चुलीवर रोज तापणाऱ्या आणि निवणाऱ्या भांड्याला हाच गुण तारतो. त्याचा बूड गोल असतो तोही याचसाठी, कारण कोपऱ्यात ताण साठतो.

अशी माती चाकावर नीट चालत नाही. वाळू हात सोलते, भिंत पातळ ओढताना फाटते. म्हणून हात. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकीवर एक बसवायच्या, सांधे बोटानं खाली ओढून पुसायचे. मग आतून गोटा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकायचं. गोरोबाकाकांच्या कथेतलं थापटणं ते हेच. ठोकल्यानं सांध्यातली हवा निघते आणि मातीचे चपटे सूक्ष्म कण भिंतीला समांतर होऊन घट्ट बसतात. मणिपुरात थोंगजाओ गावातल्या स्त्रिया आजही चाक वापरत नाहीत. भांडं एका जागी राहतं आणि घडवणारी त्याच्याभोवती फिरते. तिथल्याच नीलमणी देवींना या कामासाठी २००७ साली पद्मश्री मिळाली.

खरा बदल साधारण साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान होतो. केओलिनाइट या मातीच्या खनिजात पाणी रेणूच्या रचनेतच बांधलेलं असतं, दर १०० ग्रॅमला जवळपास १४ ग्रॅम. ते निघून गेलं की स्फटिकाची घडी मोडते आणि मडकं भिजवलं तरी त्याचा पुन्हा चिखल होत नाही. याच टप्प्यात, ५७३ अंशांना, वाळूतला क्वार्ट्झ एकदम थोडा फुगतो आणि निवताना तितकाच आकसतो. म्हणून आवा, म्हणजे भाजायला रचलेला मडक्यांचा ढीग, रात्रभर राखेखाली निवू द्यायचा. घाईनं मडकी बाहेर काढली तर तडकतात.

शेतात किंवा पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर जुनं खापर सापडलं तर त्याची मोडकी कड बघा. बाहेर लाल, मध्ये काळी पट्टी दिसेल. लाल रंग लोहाचा, त्याला आगीत हवेतला ऑक्सिजन मिळाला. काळी पट्टी म्हणजे न जळलेला कार्बन. आग आतपर्यंत काम पुरं करायच्या आधीच विझली. त्या पट्टीच्या जाडीवरून भाजणी किती वेळ चालली याचा अंदाज बांधता येतो.

दख्खनच्या मातीत आणखी एक खोडी आहे, चुनखडीचे खडे. सुमारे आठशे अंशांना त्यांची चुनकळी, म्हणजे भाजका चुना, होते. मडकं आव्यातून चांगलं निघतं, मग चुनकळी हवेतला दमटपणा शोषून फुगते आणि काही दिवसांनी भिंतीचा टवका उडतो. आच कमी ठेवली तर चुनखडी तशीच राहते आणि हा धोका टळतो. उघड्या आगीला आठशेच्या खाली राखणं हा तिथे कमीपणा नव्हता, ते मातीला साजेसं तापमान होतं.