प्रॉपेलर शाफ्ट पोकळ का असतो?

जुन्या कॉन्टेसाला नवे इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवणाऱ्या हौशी मंडळींना एक सल्ला हमखास मिळतो: "शाफ्टची लांबी बदलणारच आहात, तर पाइप कशाला, भरीव बारच टाका, पुन्हा बघायला नको." पीळ सोसण्यापुरता हा सल्ला चुकीचा नाही. परंतु गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत शक्ती पोचवणारा शाफ्ट नुसता पीळ सोसत नाही, तो मिनिटाला हजारो फेरे फिरतो, आणि तिथे हिशेब उलटा होतो.

कोणत्याही पाइपची जाडी सगळीकडे तंतोतंत सारखी नसते, आणि वेल्डिंगही एका बाजूला जरा जास्त चढते. ७६ मिलिमीटर व्यासाच्या पाइपवर एका बाजूला १० ग्रॅम जास्त असले, तर मिनिटाला ३,००० फेऱ्यांना त्यातून सुमारे ३७ न्यूटन, म्हणजे जवळजवळ चार किलो वजनाइतके बल निर्माण होते आणि त्याची दिशा सेकंदाला ५० वेळा फिरते. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ४,५०० फेऱ्यांना ते ८४ न्यूटनपर्यंत जाते. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा असेल, तर शाफ्ट इंजिनपेक्षाही वेगाने फिरतो, हे इथे लक्षात घ्यावे लागते.

खरी गंमत यापुढे आहे. शाफ्ट मध्यभागी किंचित वाकला की अपकेंद्री बल त्याला आणखी बाहेर ओढते आणि त्याचा ताठरपणा त्याला आत खेचतो. बाक जितका जास्त, तितकी ही दोन्ही बले वाढतात. मात्र वेग वाढवल्यावर केवळ बाहेर ओढणारे बल वाढते. ज्या वेगाला दोन्ही बरोबरीला येतात, त्या वेगाला शाफ्टला सरळ ठेवणारे काही उरत नाही आणि तो उड्या मारायच्या दोरीसारखा फुगून फिरू लागतो. हा त्याचा क्रांतिक वेग. तो पार करताच येणार नाही, असा निष्कर्ष अभियंते रँकिन यांनी १८६९ मध्ये काढला होता. टर्बाइनांनी तो खोटा ठरवला आणि १९१९ मध्ये जेफकॉट यांनी त्याची नीट मीमांसा केली. मोटारीच्या शाफ्टला मात्र या वेगाच्या पुष्कळ अलीकडेच ठेवतात.

आता सूत्राकडे पाहू. ताठरपणा काटछेदाच्या जडत्व-आघूर्णावर (म्हणजे पोलाद आसापासून किती दूर पसरले आहे, यावर), तर वस्तुमान काटछेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि क्रांतिक वेग ठरतो तो या दोहोंच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावरून. भरीव बारमध्ये आसाजवळचे पोलाद वजन पुरेपूर वाढवते, पण ताठरपणात जवळपास काहीच भर घालत नाही. दोन मिलिमीटर जाडीच्या ७६ मिलिमीटर पाइपचा, १.५ मीटर लांबीला, क्रांतिक वेग मिनिटाला सुमारे ५,५०० फेरे येतो. तेवढ्याच व्यासाच्या भरीव बारचा सुमारे ४,०००. लांबीचा परिणाम तर वर्गाने होतो: तोच पाइप १.२ मीटरचा केला की आकडा ८,६०० च्या पुढे जातो. म्हणूनच लांब शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये आधाराला सेंटर बेअरिंग देतात.

अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट हलका म्हणून जास्त वेग सोसतो, ही जाहिरातबाजीही याच सूत्रापुढे टिकत नाही. ताठरपणा आणि घनता यांचे गुणोत्तर पोलादात आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये जवळपास सारखेच आहे. फायदा होतो तो वजन न वाढवता व्यास मोठा घेता येतो म्हणून. ठरावीक वेगाला गाडी थरथरते म्हणून बोनेटला लिंबू-मिरची बांधणारेही असतात, पण दृष्ट काही स्पीडोमीटर बघून लागत नाही.

चांगल्या कारखान्यात पाइप लेथवर कापून त्याच्या टोकांना योक, म्हणजे सांध्याचे दुबेळके तुकडे, दाबून बसवतात, आधी टाके मारून डायल गेजने डगमग तपासतात आणि मगच पूर्ण वेल्डिंग करतात. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असणे इथे अत्यावश्यक असते, कारण दोन योकांना अधिक-चिन्हाच्या आकाराच्या तुकड्याने जोडणारा क्रॉसचा सांधा कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो आणि दुसऱ्या टोकाच्या सांध्याने, कोन सारखा असेल तरच, तो फरक भरून काढायचा असतो. नंतर बॅलन्सिंग यंत्रावर दोन्ही टोकांचे असंतुलन वेगवेगळे मोजतात, कारण एका टोकाला वरचे आणि दुसऱ्या टोकाला खालचे जादा वजन शाफ्ट स्थिर असताना कळतच नाही. आठ किलोच्या शाफ्टला संतुलनाची जी १६ ही प्रमाणित प्रत लावली, तर ३,००० फेऱ्यांना प्रत्येक टोकाशी फार तर पाचेक ग्रॅम चालतात. त्याहून जास्त असेल ते विरुद्ध बाजूला पोलादाच्या छोट्या पट्ट्या वेल्ड करून भरून काढतात आणि स्लिप योकवर (मागेपुढे सरकणाऱ्या योकवर) व पाइपवर समोरासमोर खुणा करतात. पुढे क्रॉस बदलताना त्या खुणा चुकल्या, तर यंत्रावरचे काम पुन्हा करावे लागते.